स्पॅनिश म्हणी आणि वाक्प्रचार शिकताना या चुका टाळा

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती म्हणींच्या ज्या याद्या पडतात, त्यांत बहुधा स्पॅनिश म्हणीसमोर तिच्याशी जुळणारी इंग्रजी म्हण दिलेली असते. ही इंग्रजी म्हण म्हणजे अर्थ नव्हे; तशाच प्रसंगी इंग्रजीत काय म्हणतात एवढेच ती सांगते, आणि तिचे शब्दशः मराठी करून वहीत उतरवले की घोटाळ्याला सुरुवात होते.

‘तोमार एल पेलो’ हा वाक्प्रचार घ्या. त्याचा शब्दशः अर्थ ‘केस घेणे’ असा आहे, यादीत त्याच्यासमोर ‘पुल समवन्स लेग’ असते, आणि विद्यार्थी ‘पाय ओढणे’ असे लिहून मोकळा होतो. मराठीत पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला वर चढू देत नाही. केस घेणारा मात्र समोरच्याची फिरकी घेत असतो किंवा थापा मारून त्याला बनवत असतो. पुढची चूक व्याकरणाची आहे. आपण ‘माझी फिरकी’ म्हणतो, म्हणून स्पॅनिशमध्येही ‘मी पेलो’, म्हणजे ‘माझे केस’, असे लिहावेसे वाटते. तिथे मात्र फिरकी कोणाची हे क्रियापदासोबतच्या ‘मे’, ‘ते’, ‘ले’ या सर्वनामांतून कळते आणि वाक्य ‘मे एस्तास तोमान्दो एल पेलो’ असे होते.

सारखी प्रतिमा दिसली की सारखाच अर्थ गृहीत धरणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते. ‘नो पोर मूचो माद्रुगार आमानेसे मास तेम्प्रानो’, म्हणजे कितीही लवकर उठले तरी पहाट लवकर होत नाही, हे वाचताच आपल्याला ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण आठवते. आपली म्हण सांगते की व्हायचे ते दडपून थांबत नाही. स्पॅनिश म्हण उतावीळ माणसाला समजावते की घाई करून काम वेळेआधी होत नाही. उलट ‘मास वाले पाखारो एन मानो के सिएन्तो वोलान्दो’ या म्हणीत हातातला एक पक्षी उडणाऱ्या शंभरांपेक्षा बरा ठरतो (इंग्रजीत झुडपातले दोनच असतात), आणि ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे’ माहीत असलेल्याला तिथे इंग्रजीची गरजच पडत नाही.

‘मेतेर ला पाता’, म्हणजे शब्दशः ‘पाय आत घालणे’, अर्थात घोडचूक करणे, याला इंग्रजी याद्या बोलण्यातल्या चुकीपुरते बांधून टाकतात, प्रत्यक्षात कृतीतल्या घोडचुकीलाही तेच म्हणतात.

म्हण पूर्ण पाठ असूनही संभाषणात ओळखू येत नसेल, तर ती अर्धीच बोलली गेली असण्याची शक्यता मोठी असते. ‘क्वान्दो एल रीओ स्वेना’, म्हणजे नदीचा आवाज येतो तेव्हा, एवढे म्हणून माणूस थांबतो. उरलेले ‘आग्वा येवा’, म्हणजे पाणी असतेच, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. लॅटिन अमेरिकेत त्याच नदीत पाण्याऐवजी दगडही ऐकू येतात. प्रदेशाचा हा फरक ‘कोखेर एल तोरो पोर लोस क्वेर्नोस’, म्हणजे बैलाला शिंगांनी धरणे, यात अधिक जपावा लागतो, कारण स्पेनमधले साधे ‘कोखेर’ मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील ठरते. तिथे ‘आगार्रार’ वापरावे.

शब्दकोशात वाक्प्रचार सापडत नसेल, तर क्रियापदाऐवजी नाम शोधून पाहावे: स्पॅनिश अकादमीच्या कोशात ‘तोमार एल पेलो’ हा ‘पेलो’च्या नोंदीखाली दिलेला आहे.