घरचा मीडिया सर्व्हर लिनक्सवर: या चुका टाळा

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर जेलीफिन, म्हणजे घरातले सिनेमे टीव्ही-फोनवर दाखवणारा मीडिया सर्व्हर, बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. ब्राउझरमध्ये ८०९६ पोर्ट उघडा, भाषा निवडा, फोल्डर दाखवा, की पोस्टर दिसायला लागतात. खरी परीक्षा पुढे असते. घरात कोणी नसताना लाईट जाऊन आली, तर सगळं आपलं आपण पुन्हा सुरू होतं का? बरेच सर्व्हर इथे अडकतात आणि त्यात जेलीफिनचा दोष क्वचितच असतो. घोळ असतो तो डिस्क आणि परवानग्यांचा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क डेस्कटॉपवर क्लिक करून जोडणं. अशी डिस्क /मीडिया/ खाली तुमच्या युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये बसते, आणि त्या वरच्या फोल्डरमध्ये शिरायची मुभा फक्त तुम्हाला असते. जेलीफिन चालतं स्वतःच्या वेगळ्या युजरखाली. त्यामुळे तुम्हाला सिनेमे दिसतात, त्याला काहीच दिसत नाही. मग लोक सिनेमांच्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची, परवानगी देऊन टाकतात. त्याने काही होत नाही, कारण कुलूप वरच्या दारावर आहे. ‘नेमआय -एल’ ही कमांड पूर्ण पाथ देऊन चालवा. प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक छापून येते आणि वाट कुठे अडली ते लगेच कळतं. शिवाय डेस्कटॉपने जोडलेली डिस्क तुम्ही लॉगिन केल्याशिवाय सहसा जोडलीच जात नाही, म्हणजे रीस्टार्टनंतर सर्व्हर रिकामाच.

म्हणून डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये करा, म्हणजे बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलमध्ये. तिथे ‘एसडीबी१’ असलं नाव लिहू नका. दुसरा पेनड्राइव्ह लावला की ही नावं बदलू शकतात. ‘एलएसबीएलके -एफ’ने दिसणारा यूयूआयडी, म्हणजे डिस्कची न बदलणारी ओळख, लिहा आणि पर्यायांमध्ये ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट अडू नये) घाला. नोफेल नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं, जिथे समोर बसूनच दुरुस्ती करावी लागते. मॉनिटर नसलेल्या डब्याची तिथे कोंडी होते.

पण नोफेलचीही दुसरी बाजू आहे, आणि ती फार कमी जण सांगतात. डिस्क जोडली गेली नाही तरी तिच्या जागेचा फोल्डर असतोच, रिकामा. तुमची स्क्रिप्ट किंवा डाउनलोडर बिनधास्त त्यात लिहीत राहतो, म्हणजे छोट्या सिस्टम एसएसडीवर. ती भरली की जेलीफिनचा डेटाबेसही लिहिता येत नाही. नंतर डिस्क जोडली की त्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात. उरलेली जागा सांगणारं ‘डीएफ’ म्हणतं जागा संपली, फायलींचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला फायली सापडत नाहीत, आणि माणूस चक्रावतो.

यावर उपाय आहे. डिस्क अनमाउंट करा, म्हणजे फोल्डरपासून सोडवा, आणि रिकाम्या फोल्डरवर सी-एच-ए-टी-टी-आर ही कमांड ‘प्लस आय’ (बदल बंद) पर्यायाने रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालवा. आता डिस्क नसताना तिथे रूटलाही लिहिता येत नाही, आणि डिस्क त्यावर नेहमीसारखी जोडता येते. जोडीला जेलीफिनच्या सर्व्हिसमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही ओळ टाका, म्हणजे डिस्क आल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होणार नाही. मग डिस्क काढून एकदा बूट करून बघा. ही चाचणी टाळू नका.

आता आपोआप भरणाऱ्या फोल्डरबद्दल. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ फोनवरून सर्व्हरवर येतात आणि स्क्रिप्ट ते उचलून लायब्ररीत ठेवते, अशी सोय बरेच जण करतात. फोल्डरमधले बदल लगेच कळवणाऱ्या ‘आयनोटिफाय’ला ‘क्रिएट’ (फाइल तयार झाली) या घटनेवर बसवलं, तर फाइल तयार होताच स्क्रिप्ट धावते, कॉपी मात्र अजून चालूच असते. लायब्ररीत अर्धवट व्हिडिओ जातो. ‘क्लोज-राइट’ (लिहून फाइल बंद झाली) आणि ‘मूव्ह्ड-टू’ (फाइल या नावावर किंवा जागी आली) या दोन घटना धरा. दुसरी विशेष गरजेची, कारण सिंकथिंग आणि आरसिंक ही फायली पाठवणारी साधनं आधी तात्पुरत्या नावाने फाइल उतरवतात आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतात. फोल्डर नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनचा असेल, तर तिथे झालेले बदल आयनोटिफायला कळतच नाहीत. ठरावीक वेळाने स्कॅन लावा.

डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर डाउनलोड आणि लायब्ररी हे दोन वेगळे व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरला जोडलेले फोल्डर, देऊ नका. एकाच डिस्कवर असले तरी कंटेनरला ते वेगळे माउंट वाटतात, हार्डलिंक (एकाच फाइलला दुसरं नाव) होत नाही आणि प्रत्येक फाइलची दुसरी प्रत जागा खाते. दोघांचा वरचा एकच फोल्डर द्या. आणि यूएफडब्ल्यू हा फायरवॉल लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका: डॉकरने उघडलेलं पोर्ट त्याला वळसा घालून जातं.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील, तर फाइल यूटीएफ-८ या मजकूर-पद्धतीत आहे का आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट आहे का, हे दोन्ही बघा. नोटो किंवा लोहित फॉन्ट चालतो. सबटायटल चित्रावर छापून पाठवायची वेळ आली की पूर्ण व्हिडिओ नव्याने एन्कोड होतो, आणि साधा प्रोसेसर धापा टाकतो. सातव्या पिढीपासूनचे, ग्राफिक्स असलेले इंटेल प्रोसेसर १० बिट एचईव्हीसी हा व्हिडिओचा प्रकार हार्डवेअरमध्येच सांभाळतात. जेलीफिनचा युजर ‘रेंडर’ ग्रुपमध्ये (ज्याला ग्राफिक्स वापरायची मुभा असते) हवा एवढंच. रास्पबेरी पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही, तेव्हा या कामासाठी तो घेऊ नका.

घराबाहेरून बघायचं असेल तर आधी राउटरचा वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आणि बाहेरून थेट तुमच्यापर्यंत येता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगवर संध्याकाळ घालवू नका. तुमची उपकरणं खाजगी जाळ्यात जोडणारं टेलस्केल लावा. तसंही सार्वजनिक पोर्ट उघडण्यापेक्षा ते सुरक्षित आहे.