जुना छोटा ट्रॅक्टर घेतलाय? आधी तो थंड ठेवा, मग अवजारांना हात घाला

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात नांगरटीला मोठा ट्रॅक्टर भाड्याने मिळून जातो, पण कपाशीच्या ओळीत न केळीच्या नवतीत (नव्या लागवडीत) तो घुसत नाही, आणि बैलजोडी सांभाळणं आता सगळ्यांना जमत नाही. म्हणून मित्सुबिशी शक्तीसारखे 18.5 एचपीचे तीन सिलेंडरवाले जुने छोटे ट्रॅक्टर लोक शोधून शोधून घेताहेत. घेतला की दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याकडं उभा करतात, हे कापा, ते जोडा. माझं म्हणणं एकच, ट्रॅक्टरला कापू-जोडू नका, जे बदलायचं ते अवजारात बदला, आणि तेही बोल्टवर, म्हणजे उद्या काढता येईल असं.

पण त्याआधी रेडिएटर. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जातो आणि इंजिन जुनं, जाळीत कपाशीचा कचरा न काळी धूळ बसलेली, मग तासाभरात काटा लालवर. जाळी पंख्याच्या बाजूनं पुढं अशी हवा मारून साफ करायची, हवा हळू मारा नाहीतर पत्र्या वाकतात. बोअरचं पाणी टाकू नका, आपलं पाणी जड आहे, आत क्षार धरतात आणि नळ्या बुजतात, कूलंटच टाका. अन् एक चूक जवळपास प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरवर केलेली दिसते, ती म्हणजे गरम होतो म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकलेला असतो. त्यानं इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं, धूर देतं आणि सिलेंडरचा बोअर लवकर झिजतो. परत बसवून घ्या, फार महाग नाहीये. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबला की साधारण 10-12 मिमी दबला पाहिजे. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, हात भाजतो.

एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर धुळीच्या दिवसात रोज उघडून बघायचा, वाटीत चिखल झाला की धुवून नवीन ऑइल टाका, पण खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं आणि कधीकधी अॅक्सिलेटर सोडला तरी आपोआप पळत सुटतं, हे फार धोक्याचं आहे.

डिझेल संपून लाईनीत हवा धरली की शेजारचे काका फोन करतात, "आते काय करानं भो?" सोपंय. आधी टाकीत डिझेल भरा, मग फिल्टरचा हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहा, बुडबुडे बंद होऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा, नंतर तेच डिझेल पंपाच्या स्क्रूवर, तरी नाही झालं तर नोझलचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा आणि थेंब आले की आवळा. नोझलची फवार हातावर घेऊन बघू नका, त्या प्रेशरनं डिझेल कातडीत शिरतं. नवा फिल्टर बसवताना आतल्या वायसरकडं लक्ष द्या, बऱ्याचदा हवा तिथूनच शिरते.

आता अवजारं. कपाशीत 4 फुटी ओळ आणि केळीत 5 किंवा 6 फुटी, म्हणून आधी टेपनं ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी मोजा, टायरपासून टायरपर्यंत. मागच्या चाकाची डिस्क उलटी फिरवून बसवली की रुंदी कमी-जास्त होते, पण मग टायरवरचा बाण पुढंच फिरला पाहिजे, नाहीतर चाकं डावी-उजवी बदलून घ्या. रुंदी जितकी कमी तितका ट्रॅक्टर कलंडायला सोपा, म्हणून बांधावर न पाटाच्या कडेला आडवा चालवू नका.

कोळप्यासाठी मी चौकोनी पाईपची आडवी पट्टी केली आणि फण यू-क्लॅम्पनं लावले, त्यामुळं ओळीप्रमाणं सरकवता येतात. लोअर लिंकची (अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांची) पिन नीट बघून घ्या, लहान ट्रॅक्टरची साधारण 22 मिमी असते, टॉप लिंकची (वरच्या दांडीची) 19, अगदी छोट्याची 16. छोट्या पिनवर मोठं भोक म्हणजे अवजार खडखडतं आणि भोक अंडाकृती होतं, तिथं वायसर ठोकण्यापेक्षा लेथवर बुश (भोकात बसणारी नळी) करून घ्या. वेल्डिंग करायचंच असेल तर अवजार ट्रॅक्टरवरून उतरवूनच करा, आणि जमत नसेल तर बॅटरीची वायर काढा, अर्थिंगची पकड वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

सगळ्यात जास्त त्रास देतो रोटाव्हेटर, आणि केळीवाल्यांना तर विशेषच. पिलबाग (केळीचा खोडवा) काढल्यावर केळीच्या खांबांचा धागा रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळत जातो, त्यात ठिबकची राहिलेली नळी, मग ती दोरी बनून ऑइल सील कापते, तेल गळतं आणि बेअरिंग जातं. मी पहिल्या वर्षी हे ओळखलंच नाही, दोन सील बदलले तरी गळती. नंतर टोकाला पाईपची अर्धगोल पट्टी बोल्टवर बसवली, धागा सीलपर्यंत जायचा बंद झाला. तरीही तासाभरानं थांबायचं, पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांडीचा) गिअर काढायचा, इंजिन बंद, चावी खिशात, मगच विळ्यानं धागे कापायचे. ही शिस्त मोडू नका, हात गेलेली माणसं गावोगावी आहेत. ठिबकच्या नळ्या आधी पूर्ण गोळा करा, हा अर्धा तास वाचवून काही मिळत नाही.

पीटीओ शाफ्ट दुसऱ्या ट्रॅक्टरचा असेल तर लांबी तपासाच. लिफ्ट वर-खाली करून बघा, शाफ्ट सगळ्यात आखूड होतो तिथं आत ठोकतोय का, आणि सगळ्यात लांब होतो तिथं दोन नळ्या एकमेकीत किमान तिसरा हिस्सा राहताहेत का. कापायची वेळ आली तर दोन्ही नळ्या सारख्याच कापा, आतल्या कडा घासून घ्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर थरथर येते. शिअर बोल्ट असेल तर त्याच्या जागी कडक बोल्ट लावू नका, तो मोडतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलेलं असतं बहुतेक लोकांनी, ते परत बसवा, आणि तरीही कोणाला जवळ उभं राहू देऊ नका.

गिअरबॉक्समध्ये 90 नंबरचं ऑइल टाका, शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) दर 8 तासांनी ग्रीस द्या. पावसाळ्यात काम झालं की रोटर धुवून ब्लेडांवर जुनं ऑइल फडक्यानं पुसून ठेवा, आणि ब्लेडचे बोल्ट पहिल्या दिवशी दोनदा आवळा, नवीन ब्लेड बसतात तसे ते ढिले पडतात.