मावळच्या भातखाचरांतून सायकल सहल : या चुका टाळा

कामशेतहून पवनानगरकडे किंवा नाणे मावळात मार्गदर्शकाबरोबर काढलेली एका दिवसाची सायकल सहल बिघडते, तेव्हा बहुतेक वेळा दोष सायकलीचा नसतो; ज्या शिवारातून आपण जाणार आहोत तेथे त्या दिवसांत कोणते काम चालू आहे, याची चौकशीच केलेली नसते.

चूक महिना निवडतानाच होते. हिरवीगार खाचरे पाहण्यासाठी जूनच्या मध्यावर येणाऱ्यांना रोपवाटिकेचे चार वाफे हिरवे दिसतात आणि बाकी सारा चिखल. रोप तीन-चार आठवड्यांचे झाल्यावर, म्हणजे साधारण जुलैत आवणी, अर्थात रोपे उपटून खाचरात लावण्याचे काम, होते; खाचरे सलग हिरवी होतात ती ऑगस्टमध्ये, आणि कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. आवणीच पाहायची असेल, तर गावात कोणालाही गप्पांना सवड नसेल हे धरून चालावे. सावडीने आज एकाचे आणि उद्या दुसऱ्याचे खाचर लावायचे असते; अशा वेळी दिवसभर वाकून रोपे लावणाऱ्या बायकांना छायाचित्रासाठी मान वर करायला सांगणे शोभत नाही.

सर्वांत महागात पडते ती बांधावर सायकल घालण्याची हौस. बांध पायवाटेसारखा दिसला, तरी ती खाचरातले पाणी थोपवणारी मातीची भिंत असते. भिजलेल्या बांधावर चाकाची चाकोरी उमटली की पाणी तिच्यातून वाट काढते, चाकोरी रुंदावत जाते, आणि खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असल्यामुळे वरचे पाणी खत आणि नुकतीच लावलेली रोपे घेऊन खालच्या खाचरात उतरते. मार्गदर्शक उतरायला सांगतो तेव्हा उतरावे आणि सायकल खांद्यावर घ्यावी. एवढे करूनही बांध खचलाच, तर दोन दगड टाकून गुपचूप पुढे जाऊ नये. मार्गदर्शकाकरवी खाचराच्या मालकाला लगेच कळवावे, कारण ताजी भेग फावडाभर चिखलाने बुजते, तासाभराने मात्र तिचे काम वाढलेले असते.

चिखलात चाक अडकले की जोर लावून पेडल मारण्याचा मोह होतो. त्याने मागच्या गिअरची यंत्रणा वाकते आणि सहल तेथेच संपते. खाली उतरून मडगार्ड व टायर यांच्यामधला चिखल काटकीने काढावा. ब्रेक लावताना करकर आवाज येऊ लागला, तर रिमवर वाळूचे कण चिकटलेले असतात. बाटलीभर पाणी ओतून रिम आणि ब्रेकचे रबर धुवावे, नाहीतर उतारावर दोन्ही झिजतात. चिखलाने माखलेल्या साखळीवर थेट तेल सोडणे ही तर घरोघरची चूक आहे. तेल आणि माती मिळून घासणीचा लेप तयार होतो, म्हणून आधी धुणे, मग फडक्याने पुसणे आणि तेल शेवटी. पंप आपल्या ट्यूबच्या व्हॉल्व्हला बसतो की नाही, हे घरी एकदा लावून पाहावे. शेवाळलेल्या काँक्रीटवर ब्रेक दाबू नये आणि हँडल वळवू नये. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते कितीही उथळ दिसले तरी मागे फिरावे.

पायाला खरचटले असेल, तर खाचराच्या पाण्यात उतरण्यापूर्वी जखम पाणी आत जाणार नाही अशा पट्टीने झाकावी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आल्यास आपण भाताच्या चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शहरातल्या दवाखान्यात ते कोणी आपणहून विचारेलच असे नाही.

जेवणाऱ्यांची संख्या आदल्या संध्याकाळीच कळवावी. खाणावळीसारखे ऐनवेळी ताट वाढवणे ज्या घरात जमत नाही, तेथे सकाळी फोनवर वाढवलेली चार माणसे म्हणजे घरच्या बाईचा शेतावरचा अर्धा दिवस असतो.

परतताना तांदूळ घ्यायचा झाल्यास तो नवा आहे की जुना, हे विचारून घ्यावे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला इंद्रायणी मुळातच चिकटसर, आणि नोव्हेंबरात मिळणारा नवा तांदूळ त्याहून अधिक. त्यात जुन्या तांदळाइतके पाणी घालून भाताचा गोळा करणारे आणि मग तांदळाला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. नव्याला पाणी थोडे कमीच घालावे.