जर्मनीत घरचं वायफाय: आधी बेलवर नाव लावा

दर वर्षी गणपतीत आरती झाली आणि प्रसादाच्या रांगेत नवी मंडळी भेटली, की तिसरा प्रश्न हमखास येतो, "ताई, नेट कुणाचं घेऊ?" पहिले दोन ठरलेले असतात: घर कसं मिळालं आणि कढीपत्ता कुठे मिळतो. मला स्टुटगार्टला येऊन बारा वर्षं झाली, तीन घरं झाली. कंपनी कुठलीही घ्या हो, पुढचं नीट ऐका.

पुण्यात केबलवाल्या दादाला सकाळी फोन केला की संध्याकाळपर्यंत तो गच्चीवरून वायर सोडतो, पासवर्डही तोच टाकून देतो. इथे अर्ज केल्यापासून दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि राउटर आपला आपण लावायचा असतो. म्हणून घराच्या करारावर सही झाली की त्याच आठवड्यात नेटचा अर्ज करा. तोवर प्रीपेड सिमवर हॉटस्पॉट चालवा. आणि हो, इथे वायफायला 'वे-लान' म्हणतात. वायफाय म्हटलेलंही कळतं, पण कागदावर सगळीकडे वे-लानच असतं.

आता बेलचं. माझ्या पहिल्या घरी तंत्रज्ञ 'सकाळी आठ ते बारा' येणार होता. रजा काढून, चहाचं आधण ठेवून मी खिडकीत बसले. बारा वाजले, एक वाजला, कुणी आलं नाही. दोन दिवसांनी पत्र आलं: ग्राहक घरी आढळला नाही. तो आला होता! खाली दारावर चौदा बेल, त्यांतल्या एकावरही माझं नाव नाही. आमच्या बेलवर अजून आधीच्या भाडेकरूचंच नाव. इथे घराला सहसा फ्लॅट नंबर नसतो, नाव हाच पत्ता. पुढची तारीख चार आठवड्यांनी मिळाली. तेव्हा किल्ली हातात आली की कागदाच्या चिठ्ठीवर का होईना, बेलवर आणि टपालपेटीवर नाव चिकटवा. अर्जात मजला, डावी बाजू की उजवी आणि आधीच्या भाडेकरूचं नावही लिहा. भिंतीतली लाइन शोधायला त्यांना ते लागतं. एवढं करूनही तंत्रज्ञ आलाच नाही, तर डिसेंबर २०२१ पासूनच्या दूरसंचार कायद्यानं तुम्हाला भरपाई मिळते: १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. मागावी लागते, आपण होऊन कुणी देत नाही.

राउटर कंपनीकडूनच भाड्यानं घ्यायची सक्ती १ ऑगस्ट २०१६ पासून उठली आहे. महिन्याला पाच-सहा युरो भाडं असेल तर दोन वर्षांत किती होतं ते मोजा आणि मग ठरवा. स्वतःचा घ्यायचा तर आधी घरात लाइन कुठली आहे ते बघा. टेलिफोनच्या तारेवरून येणारं डीएसएल, टीव्हीच्या केबलवरून येणारं आणि फायबर, तिन्हींना लागणारी पेटी वेगळी. भारतातून बॅगेत घालून आणलेला राउटर डीएसएलच्या भिंतीला लावून उपयोग नाही, कारण त्यात बहुधा डीएसएलचा मोडेम, म्हणजे लाइनवरचा सिग्नल वाचणारा भागच नसतो. दरवर्षी एक तरी जण आणतोच. त्याचा पुढे फार तर रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारा डबा होतो. इथे बऱ्याच घरांत बर्लिनच्या कंपनीचा फ्रिट्झबॉक्स हा राउटर दिसेल. तो महाग असतो, पण वर्षानुवर्षं चालतो आणि अडलं तर शेजारच्या आजोबांनाही त्यातलं कळतं.

डीएसएलची जागा म्हणजे भिंतीवरची तीन खाचांची टीएई पेटी. खाचांवर एन, एफ, एन अशी बारीक अक्षरं असतात. राउटरची वायर एफमध्ये घालायची. एनमध्ये घालून "दिवा लागत नाही" म्हणून रात्री अकराला फोन करणारे मला माहीत आहेत. वायर बसली की डीएसएलचा दिवा काही मिनिटं लुकलुकतो, मग स्थिर होतो. तो स्थिर झाला म्हणजे लाइन जिवंत आहे. लुकलुकतच राहिला तर राउटरला दोष देऊ नका. बरेचदा लाइन कंपनीकडूनच सुरू झालेली नसते.

फ्रिट्झबॉक्सच्या तळाला स्टिकर असतं, त्यावर नेटवर्कचं नाव आणि वीस आकडी किल्ली. त्याचा आधी फोटो काढून ठेवा. फोन त्या नेटवर्कला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१७८.१ टाका, अर्थात इंग्रजी आकड्यांत. फ्रिट्झ डॉट बॉक्स असं लिहूनही पान उघडतं, पण २०२४ मध्ये तेच नाव बाहेरच्या इंटरनेटवर कुणा तिऱ्हाइतानं नोंदवलं होतं आणि लोक भलत्याच पानावर जात होते. नंतर ते कंपनीला परत मिळालं, तरी मला आकडेच बरे वाटतात. आत गेल्यावर टपालानं आलेल्या पत्रातला वापरकर्ता क्रमांक आणि पासवर्ड विचारला जाईल. ते पत्र राउटरच्या खोक्याबरोबर येत नाही, वेगळं येतं, आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात रद्दीत जातं. जपा.

जागा मात्र विचार करून निवडा. टेलिफोनची पेटी बहुतेक घरांत दाराजवळ, नेमकी चपलांच्या कपाटामागे असते, आणि राउटरही तिथेच कोंबला जातो. चार युरोची लांब वायर घ्या आणि तो उंचावर, मोकळ्यावर ठेवा. जुन्या इमारतींच्या भिंती हातभर जाड असतात, नव्यांत सळईचं काँक्रीट असतं. राउटर दोन पट्ट्यांवर सिग्नल सोडतो: ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण दोन भिंतींत दमते. २.४ लांब पोचते, पण त्या पट्ट्यात शेजारच्या बारा घरांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्हही तिथलाच. दूध तापवायला तो लावला की माझी सांगलीची आई पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठायची, आणि टिंग झालं की पुढचं वाक्य पूर्ण करायची! मला कळायला सहा महिने लागले. स्वयंपाकघरातला फोन ५ वर टाकला आणि ते थांबलं. रिपीटर घेतलात तर तो नेट पोचत नाही त्या खोलीत लावू नका. अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून बरा आहे तिथे लावा.

राउटर बंद करून चालू केल्यावर ५ चं नेटवर्क लगेच दिसलं नाही तर घाबरू नका. त्या पट्ट्यातल्या काही चॅनेलवर रडार चालतात, म्हणून तो आधी मिनिटभर कानोसा घेतो. हवामान रडारच्या चॅनेलवर तर दहा मिनिटं.

आता जे मी पोटतिडकीनं सांगते ते. टोरंट लावू नका. मराठी सिनेमा असो, आयपीएल असो, 'सगळेच करतात' असो. टोरंटमध्ये आपण घेता घेता वाटतही असतो, आणि वकिलांच्या कंपन्या आपल्या नेटचा आयपी पत्ता नोंदवून कोर्टामार्फत लाइनच्या मालकाचं नाव काढतात. मग काही शे युरोंची मागणी करणारं 'आबमानुंग' नावाचं पत्र येतं, ते करार ज्याच्या नावावर आहे त्याला, मग डाउनलोड पाहुण्यानं का केलेलं असेना. आलंच तर सोबतच्या 'पुन्हा असं करणार नाही' या हमीपत्रावर न वाचता सही करू नका आणि पत्र दडवूही नका. आधी फरब्राउखरत्सेन्त्राल या ग्राहक सल्ला केंद्राकडे जा. घरात दोन-तीन जण राहत असाल तर पाहुण्यांसाठी 'गास्टत्सुगांग', म्हणजे वेगळं नेटवर्क, उघडा. फ्रिट्झबॉक्समध्ये त्यावर फक्त सर्फिंग आणि मेल चालू ठेवता येतं. आईबाबा तीन महिन्यांसाठी येतात तेव्हा त्याचा क्यूआर कोड छापून फ्रिजवर लावते. वीस आकडे वाचून दाखवायचे कष्ट वाचतात.

करार शक्यतो दोन वर्षांचा गळ्यात घालतात. वर्षभरासाठीच आला असाल तर बारा महिन्यांचा मागा, तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ऑनलाइन घेतलेला करार चौदा दिवसांत रद्द करता येतो. मुदत संपल्यावर एक महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, आणि घर बदलल्यावर नव्या पत्त्यावर कंपनी सेवा देऊ शकत नसेल तर मुदत संपायच्या आधीही.

भाड्याचा राउटर असेल तर खोकं टाकू नका, केलरमध्ये, म्हणजे तळघरात ठेवा. परत पाठवाल तेव्हा वायर आणि अ‍ॅडॅप्टरसकट पाठवा आणि पार्सलची पावती जपा. माझ्याकडे एकदा परत केलेल्या राउटरचे पैसे मागितले होते, तब्बल चौदा महिन्यांनी. पावती हळदीकुंकवाच्या डब्यात सापडली.