दोन ब्रदर-इन-लॉ आणि एक मोठी आई

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, स्पीकिंगमध्ये, माझी पहिली फजिती झाली ती सोपा विषय आला म्हणून. कार्डावर होतं, तुम्हाला आदर वाटतो अशा एखाद्या वयस्कर व्यक्तीबद्दल बोला. मला हायसं वाटलं. प्रदूषण नाही, तंत्रज्ञान नाही, आपली मोठी आई आहे! विचार करायला १ मिनिट, हातात कागद-पेन्सिल. मी भराभर शब्द उतरवले: काइंड, ऑनेस्ट, हार्डवर्किंग, लव्हिंग, हेल्पफुल. बोलायला लागले आणि पाचही शब्द वीसेक सेकंदांत वापरून झाले. बोलायचं होतं १ ते २ मिनिटं. मग 'शी इज व्हेरी, व्हेरी काइंड' असं दोनदा म्हटलं, थोडी हसले, आणि गप्प बसले.

स्पीकिंगला ६ आले. मी नर्स, आणि ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत ७ लागतात, लिहिण्यात ६.५ चालतात. म्हणजे पुन्हा फी, पुन्हा नाइट ड्युट्यांच्या मधून अभ्यास. ज्या क्लासला जात होते तिथे माणसांसाठी दोनशे विशेषणांची झेरॉक्स मिळाली होती. ती मी पाठ केली होती. आज कोणी मला ती झेरॉक्स दाखवली तर मी तिच्यात तर्री पोह्यांची प्लेट ठेवीन.

खरं शिकले ते नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीच्या टेबलावर. रात्री दोनच्या सुमाराला सावनेरकडून एक बाई आणलेली, सोबत दोन पुरुष. फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा रकाना असतो. पहिला म्हणाला, "मी भाटवा." दुसरा म्हणाला, "मी दीर." मी दोघांपुढे ब्रदर-इन-लॉ लिहिलं. बाईचा नवरा बाहेरगावी. मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, सही करायला ब्रदर-इन-लॉ आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "विच ब्रदर-इन-लॉ?" मी म्हणाले, "बोथ, सर." पलीकडे क्षणभर शांतता. मग मला सुचलं ते सांगितलं: 'हर सिस्टर्स हजबंड' आणि 'हर हजबंड्स यंगर ब्रदर'. व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, पण नात्यांचं इंग्रजी असंच चालतं. शब्द थोडे आहेत, मग माणसामागे माणूस जोडत जायचं. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्या सिस्टर-इन-लॉ. व्याह्यांना तर शब्दच नाही, 'माय डॉटर्स फादर-इन-लॉ' म्हणा. आपल्याकडे जावेला को-सिस्टर आणि साडूला को-ब्रदर म्हणतात, ते इथेच ठेवा, लंडनमध्ये कोणी ओळखणार नाही. कझिन ब्रदरचंही तेच, नुसतं कझिन पुरतं. मुलगा आहे हे सांगायचं असेल तर पुढच्या वाक्यात 'ही' येतोच. आणि मामाला मॅटर्नल अंकल म्हणू नका, तो कागदावरचा शब्द आहे. 'माय अंकल, ऑन माय मदर्स साइड' असं बोलतात.

उलट, आपला शब्द लपवायचीही गरज नाही. दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा मी सरळ म्हणाले की हिला आम्ही मोठी आई म्हणतो, म्हणजे शब्दशः बिग मदर, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पंधरा सेकंद गेले आणि सगळे खरे होते. शब्द माहीत नसताना वळसा घालून अर्थ पोचवणं हे तिथे दुबळेपण समजत नाहीत, शब्दसंपत्तीच्या गुणांत तेही मोजतात. स्पीकिंगला चार गोष्टींना सारखं वजन असतं: ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. झेरॉक्स पाठ करणाऱ्याचा शब्दांमागे धावताना ओघ जातो, हा माझा अनुभव.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर एका परीक्षेची फी वाचली असती. माणसांबद्दल बोलताना इंग्रजीचा जीव विशेषणांत नाही, छोट्या क्रियापदांत आहे. आपण 'आमचं जमतं' म्हणतो, ते 'वुई गेट ऑन वेल'. वाजलं, बिनसलं, ते 'दे फेल आउट'. अबोला धरला, ते 'दे आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स'. परत गोडी झाली, ते 'दे मेड अप'. (माझी रूममेट भंडाऱ्याची. तिला महिनाभर मेक अप म्हटलं की लिपस्टिकच आठवायची.) भांडण न होता हळूहळू दुरावलो, ते 'वुई ड्रिफ्टेड अपार्ट'. कोणाचं सहन करत राहणं 'पुट अप विथ', ऐनवेळी तोंडघशी पाडणं 'लेट डाउन', अडचणीत सोबत राहणं 'स्टँड बाय', लहानाचं मोठं करणं 'ब्रिंग अप', आदराने बघणं 'लुक अप टू'. यातलं प्रत्येक क्रियापद तोंडातून निघालं की 'कधी? का? मग काय झालं?' हे आपोआप येतं. काइंड म्हटल्यावर काय येतं? पुन्हा काइंड.

एक सावध करते. कडाक्याच्या भांडणाला ब्रिटिश लोक जो शब्द वापरतात तो लिहिताना ओळ किंवा रांग या अर्थाच्या 'रो'सारखाच, पण भांडणाचा उच्चार 'राउ'. मी 'वुई हॅड अ बिग रो' म्हणत होते, म्हणजे आमची मोठी रांग होती.

याहून जास्त घात करतात ते आपण रोज मराठीत वापरतो ते इंग्रजी शब्द. 'त्यांचं अफेअर होतं, मग लग्न झालं' हे आपल्याकडे कौतुकानेही सांगतात. इंग्रजीत अफेअर म्हटलं की बहुधा लग्नाबाहेरची भानगड समजतात. तुमच्या ताई-भाऊजींची गोष्ट सांगत असाल तर 'दे वेअर सीइंग इच अदर' म्हणा. 'काय पर्सनॅलिटी आहे' म्हणजे आपल्याकडे उंचीपुरी छाती-खांदे, तिकडे पर्सनॅलिटी म्हणजे स्वभाव. हेल्दी म्हणजे आपल्याकडे अंगाने भरलेला, आणि नर्सनेच एखाद्या लठ्ठ पेशंटला हेल्दी लिहिलं तर काय होईल विचार करा. लग्नाच्या जाहिरातीतली होमली मुलगी अमेरिकेत दिसायला यथातथा ठरते. 'ही इज सिंपल' म्हणजे साधा नव्हे, डोक्याने जरा कमी असाही अर्थ निघतो, साध्या माणसाला 'डाउन टु अर्थ' म्हणा. आणि आमच्या धंद्यातला लाडका शब्द, एक्सपायर. आम्ही फाइलवर, फोनवर, जेवताना सुद्धा तोच वापरतो. तिकडे दूध एक्सपायर होतं, पासपोर्ट होतो. आजोबा 'पास्ड अवे' होतात.

नागपूरकरांची एक खास खोड. आपण दिवसभर 'करून राहिलो', 'येऊन राहिली', 'समजून राहिलं का' बोलतो. त्यामुळे 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' आणि 'आय अ‍ॅम नोइंग हर सिन्स चाइल्डहुड' हे तोंडात फार सहज बसतं. देशात इतरत्रही बसतं, म्हणून सगळा दोष आपल्या बोलीला नको. पण माणसांच्या विषयात नेमकी हॅव, नो, लव्ह, लाइक, ट्रस्ट हीच क्रियापदं लागतात आणि त्यांना सहसा 'राहिलं' चालत नाही. 'आय हॅव नोन हर सिन्स आय वॉज अ चाइल्ड'. हे एक वाक्य मी ड्युटीवर बीपी घेता घेता शंभरदा म्हटलं असेल. शिवाय मॅरीड विथ नाही, मॅरीड टू. एल्डर टु मी नाही, ओल्डर दॅन मी.

सराव कसा केला ते सांगते, कारण क्लास मी सोडला होता. तेव्हा हिंगणा रोडला राहत होते. लोकमान्य नगरहून मेट्रोने बर्डीला येताना मी आणि रूममेट समोरची दोन माणसं निवडायचो आणि हळू आवाजात त्यांची गोष्ट रचायचो. हे भाऊ आहेत, परवा फॉल आउट झाले, आज मेक अप करायला चाललेत. एकदा समोरच्या काकांनी स्टेशन येईपर्यंत ऐकून घेतलं आणि उतरताना म्हणाले, "सून नाही बापा ती, पोरगी आहे माही." त्यानंतर आम्ही जरा मागच्या डब्यात बसायला लागलो. घरी आल्यावर तीच गोष्ट मोबाइलमध्ये २ मिनिटं रेकॉर्ड करायची आणि ऐकायची. स्वतःचा आवाज ऐकणं भयंकर असतं, पण 'व्हेरी' किती वेळा आलं ते तिथेच कळतं. एक वहीही केली. एका पानावर एक नातेवाईक, त्याच्यापुढे एकच क्रियापद आणि एकच प्रसंग. विशेषण लिहायचं नाही असा नियम. मामाचं पान सगळ्यात अवघड गेलं, कारण मामाबद्दल खरं लिहायचं तर लेट डाउनच आलं असतं. तेही लिहिलं. वाईट माणसाबद्दल बोलता येणं हाही सराव आहे.

स्पीकिंगच्या तिसऱ्या भागात माणसावरून समाजावर नेतात: एकत्र कुटुंबं कमी का झाली, म्हाताऱ्यांची काळजी कोणी घ्यावी. तिथे जॉइंट फॅमिली चालतं, एक्स्टेंडेड फॅमिलीही चालतं. मत कुठलंही असो, एक उदाहरण द्या आणि पुढे चला.

नर्सिंगवाल्यांसाठी अजून एक. ब्रिटनमध्ये दवाखान्यात 'नेक्स्ट ऑफ किन' विचारतात. आपण ते नवरा, बाप, मोठा भाऊ असं भरतो. तिकडे पेशंट मित्राचं नावही देऊ शकतो, आणि नुसतं ते नाव दिल्याने त्या माणसाला पेशंटच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार मिळत नाही. पार्टनर म्हटलं की लग्न झालंय की नाही, बाई की पुरुष, हे गृहीत धरायचं नाही. घरी काळजी घेणारा माणूस तो 'केअरर', मग तो पगारी असो की पोटचा मुलगा.

दुसऱ्या वेळी कार्डावर पुन्हा माणूसच आला, या वेळी ज्याच्याकडून काही शिकलात असा. मी पुन्हा मोठ्या आईलाच घेतलं. कागदावर फक्त चार क्रियापदं लिहिली. सांगितलं की शेताच्या वाटणीवरून माझे वडील आणि मोठे बाबा फेल आउट झाले, चार वर्षं नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स. मोठ्या आईने कोणाची बाजू घेतली नाही, 'शी डिडन्ट टेक साइड्स'. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की ती सांबारवडीचा डबा मागच्या दाराने आमच्याकडे पाठवायची, आणि रिकामा डबा परत न्यायला मुद्दाम मोठ्या बाबांनाच पाठवायची. तिसऱ्या हिवाळ्यात ते दारातच उभे राहून वडिलांशी पावसाबद्दल बोलले. चौथ्यात मेड अप. शेवटी मी म्हणाले, 'आय थिंक आय टेक आफ्टर हर, दो वी आर नॉट रिलेटेड बाय ब्लड'. टेक आफ्टर, म्हणजे एखाद्यावर जाणं, हे सहसा रक्ताच्या नात्यातच वापरतात हे मला माहीत होतं, म्हणून ते शेपूट मुद्दाम जोडलं. मला थांबवलं गेलं तेव्हा अजून डब्याबद्दल बरंच सांगायचं बाकी होतं. ७ आले.

गावी गेले तेव्हा मोठी आई चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "माह्यावर बोलून आली म्हणे तू. काय सांगतलं वं?"

म्हटलं, "सांगितलं की मी तुझ्यावर गेली."

तिने भाकर उलटली. "माह्यावर कशी जाशीन? मी त सून म्हणून आलेली या घरात." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "तोंडानं गेली असशीन."