पदवीच्या वर्षांत सार्वजनिक आरोग्य कसे शिकावे

बारावीनंतर सार्वजनिक आरोग्य शिकण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात त्याच नावाची पदवी देणाऱ्या संस्था फारशा सापडत नाहीत. ज्या आहेत त्यांपैकी बहुतेक खासगी विद्यापीठांत आहेत. या विषयाची रुळलेली वाट कोणतीतरी पदवी आणि तिच्यानंतर दोन वर्षांचा एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) अशीच आहे. त्यामुळे प्रवेशपत्रिकेवरचे नाव पाहून शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र किती सत्रे शिकवले जाते आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य कुठे होते, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला ठोस गावाचे, तालुक्याचे किंवा वॉर्डाचे नाव उत्तरात आले नाही, तर त्या पदवीपेक्षा साधी बीएस्सी बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग करणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात हा विषय असतोच, पण पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यक) म्हटले की तो परीक्षेच्या आधी पाठ करण्याचा विषय ठरतो आणि तिथेच त्याचे नुकसान होते. वैद्यकीय शाखेबाहेरच्यांनी संख्याशास्त्र मुख्य विषय घेऊन जोडीला समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र निवडणे सर्वांत फायद्याचे ठरते. नव्या शैक्षणिक धोरणाने आलेल्या मायनर विषयाच्या सोयीचा उपयोग यासाठी करता येतो. सूक्ष्मजीवशास्त्र, समाजकार्य किंवा भूगोल घेतला तरी हरकत नाही. मात्र संख्याशास्त्राची किमान दोन सत्रे कुठून तरी पदरात पाडून घ्यावीत, कारण समाजशास्त्र पुढे स्वतः वाचून बऱ्यापैकी समजते, नमुना-निवडीचे गणित सहसा तसे समजत नाही.

पहिल्या वर्षात लावून घ्यायची सवय म्हणजे प्रत्येक आकड्याला ‘कितींपैकी आणि किती काळात’ हे विचारणे. एक उदाहरण घेऊ. सपाट प्रदेशात प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येमागे एक असावे, असा निकष आहे. डोंगरी व आदिवासी भागात तो २०,००० आहे. जन्मदर हजारी १५ धरला, तर ३०,००० लोकवस्तीत वर्षाला ४५० बाळे जन्मतील आणि अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे २० मानला, तर वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची अपेक्षित संख्या ९ येईल. समजा, पुढच्या वर्षी हीच संख्या १३ झाली. दर २० वरून जवळपास २९ वर गेला, ‘बालमृत्यूंत ४४ टक्के वाढ’ अशी बातमी झाली आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला नोटीसही निघाली. परंतु ९ या अपेक्षित संख्येभोवती केवळ योगायोगाने तीन-चारचा चढउतार होणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे एका वर्षाच्या एका केंद्राच्या आकड्यावरून सेवा बिघडली की सुधारली, हे ठरवता येत नाही. त्या तेरा मृत्यूंची एकेक करून कारणमीमांसा मात्र करावीच लागते. ही दोन विधाने एकाच वेळी खरी कशी असतात, हे ज्याला उमगले त्याने या विषयाचा पाया घातला.

याच काळात इन्सिडन्स (ठरावीक काळात नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण) आणि प्रिव्हलन्स (एका वेळी समाजात असलेल्या एकूण रुग्णांचे प्रमाण) यांतला फरक उदाहरणांनी घोटावा. मधुमेहींना चांगले उपचार मिळू लागले की ते अधिक वर्षे जगतात आणि नवे रुग्ण तितकेच राहिले तरी समाजातील एकूण मधुमेहींचे प्रमाण वाढते. म्हणजे वाढलेला आकडा काही वेळा यशाचाही असतो.

दुसऱ्या वर्षी एखादा मूळ शोधनिबंध पूर्ण वाचावा. मराठी विद्यार्थ्यासाठी गडचिरोलीच्या नवजात बालसेवेच्या प्रयोगाइतका चांगला धडा दुसरा नाही, असे मला वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. या स्त्रिया बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देण्याची पद्धत शिकवीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकांचे उपचारही देत. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो ६०च्या आसपासच राहिला. वाचताना या निकालापेक्षा त्याच्या बांधणीकडे लक्ष द्यावे. तुलनेची गावे नसती, तर ‘त्या वर्षांत पाऊसपाणी चांगले झाले असेल, रस्ते आले असतील’ या आक्षेपाला उत्तर देता आले नसते. सेवा सुरू करण्यापूर्वी दोन वर्षे जन्ममृत्यूंची नोंद घेतली नसती, तर सुरुवातीला दोन्ही गट सारखेच होते हेही दाखवता आले नसते. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही मर्यादाही ध्यानात घ्यावी आणि एवढा मोठा फरक तिने पुसला जातो का, यावर वर्गात वाद घालावा. आज आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी ज्या गृहभेटी देतात, त्यांच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

मोठ्या पाहण्या वाचण्याची शिस्त यानंतर लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची कमी असलेल्यांचे प्रमाण ३४.४ टक्के होते आणि पाचव्या फेरीत ते ३५.२ टक्के आढळले. याचा दोष करोनाकाळाला देण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम २०१९ मध्येच संपले होते. शिवाय नमुन्यावर आधारलेल्या आकड्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांदरम्यान असण्याची शक्यता असते ती कक्षा, पाहिली, तर ०.८ टक्क्याच्या फरकाला ‘वाढ’ म्हणणे धाडसाचे आहे. ‘चार वर्षांत सुधारणा दिसली नाही’ एवढेच म्हणता येते आणि तेही पुरेसे गंभीर आहे. आपल्या जिल्ह्याचे तथ्यपत्रक विनामूल्य मिळते. ते उतरवून घेऊन त्यातील पाच आकड्यांवर एकेक परिच्छेद लिहावा. पाहणी केव्हा झाली, कोणाला विचारले आणि काय मोजले, हे प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात यावे.

यंत्रणेची माहिती पुस्तकातून जुजबीच मिळते. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, महापालिका क्षेत्रातील सेवा पालिकेकडे आणि वैद्यकीय महाविद्यालये वेगळ्याच खात्याकडे, ही विभागणी कळली नाही, तर एका गरोदर स्त्रीला तीन ठिकाणी का फिरावे लागते, हे कळणार नाही.

त्यासाठी एखादी वाडी किंवा वस्ती निवडून वर्षभर तिथे जावे. पाण्यापासून सुरुवात करणे सोपे जाते. विहिरी, हातपंप, नळयोजनेची टाकी आणि शेवटचे घर यांचा नकाशा हाताने काढावा. पाणी शुद्ध करण्याची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कुठे ठेवली आहे, जलसुरक्षक ती कशी मोजतो आणि ग्रामपंचायतीला पाण्यातील धोक्याची पातळी दाखवणारे लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, हे विचारावे. शेवटच्या घराच्या नळाला पाण्यातले क्लोरीन दाखवणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करून पाहावी, कारण पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरले पाहिजे ही अपेक्षा टाकीपाशी सहज पूर्ण होते आणि वाडीच्या टोकाला बहुधा तिची परीक्षा होते. मग आरोग्यसेविकेकडे अतिसाराच्या नोंदी कशा भरल्या जातात ते पाहावे. नकाशा आणि नोंदी शेजारी ठेवल्या की संशोधनाचा प्रश्न आपोआप पुढे येतो. मार्गदर्शकाकडे विषय मागायला जावे लागत नाही.

येथे एक बंधन पाळावे. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि घरच्यांची संमती यांशिवाय आजाराची माहिती विचारू नये. नावे व फोन क्रमांक उत्तरांच्या वहीत लिहू नयेत आणि दुसऱ्याच्या घरातील रुग्णाचा फोटो तर मुळीच काढू नये. आशाताईंच्या कामाच्या वेळेतील तासभर आपण घेतो, त्यामुळे तयार झालेला नकाशा आधी त्यांना व ग्रामपंचायतीला द्यावा, महाविद्यालयाला नंतर.

शेवटच्या वर्षी एमपीएचसाठी टाटा समाजविज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था अशा ठिकाणांची प्रवेशपत्रके त्या-त्या वर्षाची वाचावीत; कोणाला वैद्यकीय पदवी लागते आणि कोणाला नाही, हे संस्थेगणिक बदलते. नोकरीबाबतही भ्रम नसावा. एमपीएचने कोणी डॉक्टर होत नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदाला वैद्यकीय पदवीच लागते आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बऱ्याच जागा कंत्राटी असतात. वैद्यकीय शाखेबाहेरून आलेल्यांना माहिती-विश्लेषण, पाहण्यांचे व्यवस्थापन, मूल्यमापन आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यक्रम यांत अधिक वाव मिळतो. अशा कामांच्या मुलाखतीला जाताना वाडीचा अहवाल आठ-दहा पानांत आटोपून सोबत न्यावा आणि त्यातील प्रत्येक टक्केवारीखाली मूळ संख्या लिहिलेली असावी.