सिग्नलवरच्या मुलाला शाळेत घालायचं असेल तर

पहिल्याच दिवशी शाळेचं नाव काढू नका. पुण्यात एका पुलाखाली आम्ही चौघीजणी संध्याकाळी वर्ग घेतो. नवं कुटुंब आलं की मी पंधरा दिवस त्या आईशेजारी बसून नुसते गजरे ओवते. मूल किती कमावतं, तान्ह्याला कोण सांभाळतं, हे तेव्हाच कळतं. तान्ह्याची सोय आधी लावा, नाहीतर मोठी बहीण आठवड्यात शाळा सोडते.

मग कागदपत्रं. जन्मदाखला नाही म्हणून एका शाळेने आमच्या आठ वर्षांच्या मुलीला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी शिक्षण हक्क कायदा, 2009 ची प्रतच घेऊन गेले. कलम 14 : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 15 : मुदत उलटली तरी प्रवेश द्यावा लागतो. आणि कलम 4 विसरू नका, मूल वयानुरूप वर्गातच बसतं. मोठ्या मुलीला पहिलीत बसवलं की ती लाजून पळते. राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण हा तिचा हक्क आहे; तो लेखी मागा.

खरा कस पहिल्या महिन्यात लागतो. रोज सकाळी स्वतः जाऊन उठवा. आमची ती मुलगी चोरीच्या भीतीने दप्तर उशाला घेऊन झोपायची, ओल्या फुटपाथवर वह्या भिजायच्या. आता सगळी दप्तरं आमच्या पत्र्याच्या पेटीत असतात.

मूल एकटंच सापडलं, तर मात्र आधी 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. शाळा नंतर.